माड धरणारा स्नायू

"आता तळवा आत वळव," मोइया म्हणाली. "डाव्या पायाकडे. माझा हात मध्ये आहे, तो रेट."

लाकडी बाकावर बसल्या बसल्या इओतेबाने उजव्या पायाचा तळवा आत वळवला, आणि मोइयाचा हात सहज बाजूला रेटला गेला. तिची दोन बोटं घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे टेकलेली होती. तिथे कातडीखाली एक दोरी ताठ झाली. तिने पुन्हा वळवायला लावलं, पुन्हा बोटं टेकवून बघितलं. एवढा दांडगा स्नायू तिच्या खोलीत क्वचितच आला होता. आणि त्याच पायाचा पंजा मात्र मेलेल्या माशासारखा खाली लोंबत होता. वर उचल म्हटलं की इओतेबा कपाळाला आठ्या घालायचा, मांडी ताणायचा, पण पंजा ढिम्म हलायचा नाही.

इओतेबा माडी काढणारा. वय एकेचाळीस. कुष्ठरोग झाला तेव्हा दोन वर्षं गोळ्या नेमाने घेतल्या आणि रोग गेला, पण जाता जाता गुडघ्याखालची एक नस मारून गेला. त्या नसेवर पंजा वर उचलणारे स्नायू जगत होते, ते गेले. पावलातली संवेदनाही गेली. आता चालताना तो गुडघा कमरेपर्यंत उचलायचा आणि पाऊल फटकन जमिनीवर आपटायचं. बोटं प्रवाळाच्या खड्यांवर घासून सोलली जायची आणि त्याला पत्ताही लागायचा नाही. जखम हाडापर्यंत पोचली तेव्हा बायकोने, तेराकाने, त्याला धरून रुग्णालयात आणलं होतं.

बेटावरच्या रुग्णालयातल्या या व्यायामाच्या खोलीत मोइया सव्वीस वर्षं काम करत होती. समुद्रापलीकडे सुवा शहराला जाऊन नऊ महिने शिकून आली तेवढंच तिचं शिक्षण. भिंतीवर कातडी सोललेल्या माणसाचं चित्र होतं, खाऱ्या वाऱ्याने त्याचा लाल रंग गुलाबी पडला होता. त्यावरची लांबलचक नावं तिला कधी पाठ झाली नाहीत. पण शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं एक वाक्य ती विसरली नव्हती: स्नायू फक्त ओढतो, ढकलणं त्याला येतच नाही. म्हणून प्रत्येकाला उलट बाजूचा जोडीदार लागतो. दंडाच्या पुढच्याने कोपर वाकवायचं, मागच्याने सरळ करायचं. एकाने आखडायचं तेव्हा दुसऱ्याने सोडायचं. हे कळल्यापासून मोइयाला रस्त्यावरची माणसं निराळीच दिसायला लागली. कडेवर पोर घेऊन चटईवरून उठणारी बाई दिसली की ती बघतच राहायची. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू गुडघा सरळ करतोय, कुल्ल्याचा कंबर वर आणतोय, पाठीच्या कण्यालगतचे दोन दोर धड तोलून धरतायत, पोटरी तोल सांभाळतेय, आणि ती बाई या कशाकडेही लक्ष न देता शेजारणीशी भांडतेय. एवढा कारभार आणि मालकिणीला खबरही नाही, याचं मोइयाला वाटणारं नवल सव्वीस वर्षांत जुनं झालं नव्हतं.

वर्षातून एकदा ऑस्ट्रेलियाहून शस्त्रक्रिया करायला म्हातारे डॉक्टर प्रेंटिस यायचे. या खेपेला त्यांनी इओतेबाचा पाय तपासला आणि सांगितलं की घोट्यामागचा तो जिवंत स्नायू सोडवून पुढे आणायचा, पंजाच्या वर शिवायचा. मग तोच पंजा उचलेल. असंच ठेवलं तर जखमा पाऊल खाऊन टाकतील. इओतेबाने मान हलवली. तेराका खूश झाली.

मोइयाला मात्र चैन पडेना. दुसऱ्या दिवशी तिने इओतेबाला विचारलं की इतकी वर्षं पाय असा असून तो माडावर चढतो कसा. तो हसला. म्हणाला, माडावर काहीच अडत नाही. खोडाला खाचा असतात, त्यांत पाय ठेवायचे आणि दोन्ही तळवे आत वळवून खोड धरायचं. तेराका लगेच म्हणाली, "जमिनीवर लंगडतो आणि माडावर खेकड्यासारखा पळतो. लग्न माडाशीच करायचं होतं."

मोइया हसली नाही. तिने त्याच्या घोट्यामागे बोट ठेवलं.

"इओतेबा, माड धरतो तो हाच. हाच डॉक्टर काढून पुढे लावणारेत. मग पंजा उचलेल, पण तळवा आत वळवायला मागे कोणी उरणार नाही. तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. माड सुटेल."

त्याने तळवा एकदा आत वळवून बघितला. त्याच्या बापाने त्याला सातव्या वर्षी माडावर चढवलं होतं. दिवसातून दोनदा, पहाटे आणि सांजेला, चौतीस वर्षं. वर त्याचा पाय कोणाला दिसायचा नाही.

"माडावर माणूस किती वेळ असतो?" शेवटी तो म्हणाला. "बाकी सगळा दिवस जमिनीवरच काढायचा असतो ना. काढू दे डॉक्टरांना तो स्नायू."

शस्त्रक्रियेच्या दिवशी डॉक्टरांनी मोइयाला आत बोलावून घेतलं. हजारो पाय तिच्या हातांखालून गेले होते, पण कातडीच्या आत तिने कधी बघितलं नव्हतं. डॉक्टरांनी त्या स्नायूची दोरी तळाकडून सोडवली आणि घोट्याच्या वरच्या चिरेतून बाहेर काढली. ती पांढरी होती, ओल्या शिंपल्यासारखी चमकणारी, जेमतेम करंगळीएवढी. डॉक्टरांनी ती कातडीखालून पुढे आणली, टोकाला चिरून दोन शेपट्या केल्या आणि पंजाच्या वर धरून हलकेच ओढल्या. चार वर्षं लोंबणारा पंजा वर आला. एवढ्याशा दोरीने हा माणूस साठ हात उंच माडाला धरून ठेवत होता.

सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये राहिला. तोवर डॉक्टर परत गेले होते. प्लास्टर काढलं, आणि मोइयाने त्याला कुशीवर झोपवून म्हटलं, पंजा वर उचल. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाच दिवस ती त्याच्या पायाशी बसून राहिली. स्नायूला नवी जागा मिळाली होती, पण नवं काम माहीत नव्हतं. इओतेबा मनात उचल म्हणायचा तेव्हा निरोप त्या मेलेल्या स्नायूंकडेच जायचा. की आतली शिवणच तुटली?

सहाव्या दिवशी तिने उचल हा शब्दच टाकून दिला.

"डोळे मीट," ती म्हणाली. "तुझ्या माडापाशी उभा राहा. कुठला घेतलास?"

"विहिरीजवळचा."

"हात वर टाक. डावा पाय खाचेत. आता उजवा. खोड ओलं आहे, सटकेल. धर, इओतेबा. नीट धर."

त्याचे खांदे ताठले, पोट आत गेलं. आणि पंजा हलला. थरथरत, बोटभर, पण वर आला आणि वरच थांबला. पावलात संवेदना नसल्यामुळे त्याला काहीच कळलं नव्हतं. तो मिटल्या डोळ्यांनी माड धरून होता. मोइयाने दोरीवर बोट ठेवलं. नव्या जागेत ती तारेसारखी ताठ होती. तेराका तोंडावर हात ठेवून उभी होती.

"डोळे उघड," मोइया हळूच म्हणाली.

त्याने पाहिलं. पंजा खाली सोडला, पुन्हा डोळे मिटून धरला, उघडून पाहिलं. असं चार-पाचदा केलं.

"या पायाला वाटतंय तो अजून माडावरच आहे," तो म्हणाला.

"वाटू दे. आपण त्याला सावकाश खाली उतरवू."

उतरवायला तीन महिने लागले. आधी बसून, मग दोन आडव्या दांड्यांना धरून उभं राहून, मग अंगणात. आधी माड आठवायचा, मग पाऊल टाकायचं. पुढे पुढे आठवायची गरज लागेनाशी झाली.

नाताळच्या आधी गावाच्या मानेआबात, त्या मोठ्या शाकारलेल्या सभाघरात, जेवण होतं. पाऊल आपटतं म्हणून इओतेबा तीन वर्षं तिथे आला नव्हता. मोइया खांबाजवळ बायकांत बसली होती. तो आला तेव्हा सगळी माणसं चटयांवर बसून बोलत होती. बसलेल्यांच्या पुढून जायचं म्हणून रीतीप्रमाणे तो वाकला आणि चालू लागला. टाच टेकली, मग बोटं. पाऊल उचललं, टाच टेकली. आवाज झाला नाही. आपल्या घराण्याच्या ठरलेल्या जागेपर्यंत तो पोचला आणि मांडी घालून बसला. एकाही माणसाने बोलणं थांबवून वर बघितलं नाही. मोइयाच्या हातातला घास तसाच राहिला होता.

उन्हं कलली तसे माडी काढणारे पुरुष उठले. सुऱ्या घेऊन एकेक जण बाहेर निघाला. तेराकाचा भाऊही निघाला, इओतेबाचे माड आता त्याच्याकडे होते. त्यांना वाट द्यायला इओतेबाने आपले पाय जवळ ओढून घेतले.