समुद्रावरची टिकली

मित्रांनो, पेणजवळच्या एका खाडीकाठच्या घरात राहणारा मी एक जुना पृथ्वीगोल आहे. कारखान्यात पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडून मला घडवले. पुंडलिकने मला रोह्याच्या बाजारातून आणले, तेव्हा त्याची मुलगी प्रतिक्षा पाचवीत होती. आळीतली पोरे मला गरागरा फिरवत. त्या दिवसांत माझे फार कौतुक होते.

पुढे प्रतिक्षा नर्स झाली आणि न्यूझीलंडला, ऑकलंडला निघाली. मिठागरात बांध वितीने मोजणाऱ्या पुंडलिकने माझ्यावर वीत ठेवली. अंगठा मुंबईवर, करंगळी ऑकलंडवर.

"वीतभर तर हाय! हाक मारली की येईल."

मग मी माळ्यावर, बरण्यांमागे गेलो.

यंदा पुंडलिकने अंथरूण धरले. "पोरीला कळवू नको, उगाच घाबरंल," असे तो सुनेला, नमिताला बजावत राहिला. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा त्याला एकच आस उरली, शेवटचे पाणी लेकीच्या हातचे हवे. नमिताने फोन केला आणि मला खाली काढून पदराने पुसले.

"बाबा, बारा हजार किलोमीटर हाय ते. सिंगापूरपर्यंतच दहा तास. तिथं दुसऱ्या विमानाची वाट बघायची. मग मुंबईपर्यंत साडेपाच तास. वर आपला हायवे."

"त्या हायवेलाच निम्मा दिवस," म्हातारा हसला आणि खोकत राहिला.

नमिताने कपाळाची टिकली काढून ऑकलंडवर लावली. निरोप येई तशी ती पुढे सरकवी. टिकली सिंगापूरला आली आणि अडकली. पुढच्या विमानाला उशीर होता. इकडे पुंडलिकचा श्वास तुटत चालला होता. मित्रांनो, मी आतून पोकळ आहे. वाटले, कुणीतरी मला चेपावे, माझा सारा समुद्र दुमडावा आणि सिंगापूर पेणला टेकवावे. पण मला हलताही येत नव्हते.

फोन वाजला. विमान सुटले होते. नमिताने सासऱ्याकडे पाहिले आणि टिकली थेट मुंबईवर लावली.

"बाबा, उतरली बघा. गाडीत बसली."

"आत्ता तर विमान सुटलं म्हणालीस फोनवर. मी मरतोय गो, बहिरा नाय झालो."

नखाने त्याने टिकली उचलली आणि बंगालच्या उपसागरात लावली.

"इथं हाय ती. खोटी नको आणू." जरा थांबून म्हणाला, "तूच पाज. तूबी माझी पोरच हायस."

नमिताने चमच्याने पाणी पाजले. त्याचा हात माझ्यावरून घसरला, तसा मी थोडासा फिरलो.

प्रतिक्षा आली तेव्हा घर माणसांनी भरले होते. रडून झाल्यावर तिचे लक्ष माझ्याकडे गेले.

"वयनी, ही टिकली पाण्यात कशी?"

"बाबांनी लावली. तेव्हा तू तिथं होतीस."

मित्रांनो, मला फिरवा, माझ्यावर वीत ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका. लांबच्या माणसाला वेळेवर बोलवा. आणि माझ्यावरची धूळ पुसाल तेव्हा त्या टिकलीला फडके लावू नका.