दुपारचा पहारा

या मायबाप, जरा सरकून जवळ बसा. टाळ मांडीवर ठेवा. आज एका पहाऱ्याची गोष्ट सांगायची हाय.

झरीच्या अलीकडं एक वाडी. तिथल्या सप्त्यात वीणा सात दिवस भुईला टेकत नसे. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. कुणी कधी वीणा घेऊन पहाऱ्याला उभं राहायचं, ते ज्याच्या त्याच्या कामानं ठरलेलं. जोशांची आंघोळ आधी उरकायची, म्हणून पहाट त्यांची. लोहाराची भट्टी दिवेलागणीला निवायची, म्हणून ती वेळ त्याची. भर दुपारी मेंढरं लिंबाखाली बसायची, धनगर मोकळा. म्हणून दुपार येडबाची. वीणेकऱ्याच्या पायाखाली चादर मोमिनाच्या मागावरची.

मग मोमिनांनी माग मोडला, लोहाराच्या दाराला कुलूप लागलं. सडकेकडच्या रानाचे प्लॉट पडले, त्यावर बंगले उठले. नवी माणसं आली, तीही चांगलीच. पण सप्त्यातली त्यांची वेळ कोणती, हे त्यांना कुणी सांगितलंच न्हाई. चराईला रान उरलं न्हाई, येडबानं मेंढरं विकली. एका कार्तिकात तो वारला.

मागं राहिली कासाबाई. तिचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला: नवऱ्याची दुपार आपल्या घरात राहावी. पुण्याला कंपनीत असलेल्या लेकाला, भागवतला, तिनं दुपारच्या पहाऱ्याला ये म्हणून पाडव्यापासून सांगून ठेवलं होतं.

गेल्या सालच्या सप्त्यात एका सकाळी त्याचा फोन आला. "माय, सुट्टी न्हाई मिळाली गं. पर म्या पंगत दिली की! बुंदी सांगितलीय, साऱ्या गावाला."

"पंगत दिलीस रं बाबा. पर दुपार कोण देणार?"

तिनं फोन ठेवला.

भर दुपारी कासाबाई देवळात गेली. काशीनाथ गुरुजी, पहाटेच्या जोशांच्या घरातले, परभणीहून गाडीनं आलेले. ते सकाळपासून वीणा घेऊन उभेच होते. रिकाम्या पहाऱ्यांसाठी बिदागीवर बोलावलेल्या मंडळींची जीप वाटेत बंद पडलेली. गुरुजींचे गुडघे लटपटायले होते.

"आणा गुरुजी. आमची वेळ झाली."

"कासाबाई, अगं, बाईनं वीणा घ्यायची आपल्याकडं चाल नाही."

"मग हाका मारा की कुणाला. हाय का कुणी?"

गुरुजींनी मंडपाकडं पाहिलं. मंडप पहिल्यापेक्षा मोठा, पंखे लावलेले, अन् गाड्यांतून आलेली सगळी माणसं पंगतीला. त्यांनी मुकाट्यानं वीणा तिच्या गळ्यात घातली.

ती उभी राहिली. माईकवर भागवतचं नाव पुकारलं, बुंदीचं कौतुक झालं. लोकांनी जेवून हात धुतले, गाड्या गेल्या. दुपार सरली. तिच्यानंतरची वेळ सुताराची; तो कधीच गाव सोडून गेलेला. हात बधिर झाले तरी ती उभीच.

दिवेलागणीला जीप आली. एक माणूस उतरला, वीणा घेतली अन् लोहाराच्या वेळेला उभा राहिला. ही वेळ कुणाची, हे त्यानं विचारलं न्हाई.

गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले, "पुढच्या साली सगळेच पहारे यांना देऊन टाकू. आता माणसं कुठून आणायची?"

कासाबाई खांबाला टेकून बसली. "द्या गुरुजी. फकस्त दुपारी एकदा आमच्या धन्याचं नाव घेत जा."

गुरुजींनी मान हलवली. पण या साली ते आलेच न्हाईत; गुडघ्यांनी घरीच बसवलं. दुपारी बिदागीची माणसं वीणा घेऊन उभी राहिली, येडबाचं नाव कुणी घेतलं न्हाई.

तर मायबाप, कुठल्याही गावात भर दुपारी वीणा वाजताना ऐकलीत, तर घटकाभर थांबा, अन् आमच्या येडबाची आठवण काढा.