मेथी न खाणारी अळी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे, मुकुंदवाडीतली. बारा वर्षं माझ्यात कैरीचं लोणचं मुरलं आणि, खोटं कशाला बोलू, लोक बोटं चाटत. मग झाकण हरवलं नि माझी रवानगी मोरीवरच्या फळीवर झाली.

एका शनिवारी करुणाताईंनी बाजाराची पिशवी ओतली, तर मेथीच्या जुडीवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी! त्यांची दहा वर्षांची अमृता ओरडली, "आई, मारू नको! मी पाळते." मला घासूनपुसून तिनं अळी आत सोडली आणि तोंडाला फडकं बांधलं. पुन्हा काम मिळालं म्हणून मी खूश होते.

मेथीवर सापडली म्हणजे मेथीच खाणार, असं अमृताला वाटलं. अळी मेथीला तोंड लावीना. पालक दिला, कोबी दिला, छे! रविवारी संध्याकाळी ती तळाशी निपचित पडली. लोणचं बिघडलं तर फेकून देता येतं. इथं जीव होता. मी घाबरले. अमृता तर जेवायला उठेना.

तेवढ्यात शेजारच्या चंपाबाई कढीपत्ता मागायला आल्या. त्या शनिवारी मारुतीच्या देवळापुढं रुईच्या पानांच्या माळा विकतात. माझ्यात डोकावून त्या हसल्याच.

"अगं, ही रुईची अळी! मेथी कशाला खाईल? तुझ्या आईनं माळ नेली ना, तिच्यातून आली आसंल."

माळ देवाला वाहिली गेली, अळी पिशवीत राहिली.

"तुम्हाला कसं ठाऊक, आजी?"

"लई झटकल्यात म्या. कुरतडलेलं पान देवाला चालत नाय. मंग झटकायची, आन् चपलेखाली..." त्या तशाच वळून बाहेर पडल्या.

रेल्वे रुळाकडच्या रुईच्या झुडपाचं पान त्यांनीच तोडून आणलं. "चिकाचा हात डोळ्याला लावू नको, पोरी." अळी थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग तिनं पानाची कड कुरतडली आणि अमृता आनंदानं रडायलाच लागली.

पुढं अळीनं फडक्याला उलटं लटकून कोष केला. नवव्या दिवशी नारिंगी फुलपाखरू बाहेर आलं आणि उडून गेलं. आता पुन्हा मोरीवरची फळी, असं मी धरूनच चालले होते.

पण शनिवारी चंपाबाई दारात आल्या. "ती बरणी दे गं जरा."

तेव्हापासून दर शनिवारी मी त्यांच्या टोपलीशेजारी बसते. पानावर सापडलेली अळी माझ्यात येते आणि संध्याकाळी झुडपावर परत जाते. मित्रांनो, एखादा जीव घरी आणलात, तर तो कुठल्या पानावरून आला ते आधी शोधा. ठाऊक नसेल तर विचारा. ज्यांनी कालपर्यंत त्याला चिरडलं, त्यांनाही विचारा.