आळशी नवरी

तर झालं काय, रविवारी एका नर्सच्या नवऱ्याची परीक्षा होती. म्हणजे त्याला पाळक म्हणून कायम करायचं की नाही, हे चर्चची कमिटी त्याचा एक उपदेश ऐकून ठरवणार, आणि पठ्ठ्यानं विषय कुठला निवडावा? तर बायबलमधलं ते प्रेमाचं गाणं. शनिवारी दुपारी रिकाम्या चर्चमध्ये तालीम. बायको रात्रपाळी करून आलेली, पेंगत बसली होती शेवटच्या बाकावर, आवाज पोचतो का बघायला.

"नवरा दार ठोठावतोय," तो वरून हात उंचावून सांगत होता, "आणि नवरी म्हणते, मी आता आडवी झालेय, कोण उठणार? शेवटी उठते, तोवर तो निघून गेलेला. तो नवरा म्हणजे प्रभू. आणि ती आळशी नवरी म्हणजे आपण, त्याची मंडळी."

बायकोची झोप खाडकन उडाली.

"आपण म्हणजे कोण कोण रे?"

"विश्वासणारे. सगळे."

"तू पण?"

"अर्थात."

"मग एवढा ओरडतोस काय, बाहेर तूच ताटकळल्यासारखा? आज सकाळी बाहेर कोण होतं?"

झालं. स्वारीचा चेहरा खर्रकन उतरला. सकाळी ती किल्ली विसरलेली. बेल वाजवली, तर आतून आवाज, "थांब, एक वाक्य लिहितो." एक वाक्य कसलं, महाराजांनी पान भरलं. ही जिन्यात भिंतीला टेकलेली, शेवटी शेजारच्या काकूंनी खुर्ची आणून दिली. आणि आत हा लिहीत काय होता? आळशी नवरीला झापत होता.

तो खाली येऊन तिच्याशेजारी बसला. "चुकलंच माझं. पण हे तिथं कसं सांगू? कायम करायचं सोडून हाकलतील."

"नको सांगूस. पण लोकांना नवरी म्हणायचं आणि आपण वरपक्षात जाऊन बसायचं, असं नाही चालणार."

रविवारी त्यानं सगळं सांगितलं. जिना, खुर्ची, काकू, सगळं. बायका वळून वळून हिच्याकडे बघतायत, आणि हिला धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालेलं.

उपदेश संपल्यावर कमिटीचे अध्यक्ष उठले. "प्रभूच्या प्रीतीत बायकोला कुठं आणलंस मध्ये?"

"मी नाही आणलं, काका. तिला बाहेर ठेवून मी प्रभूबद्दलच लिहीत होतो. ती बोलली तेव्हा कळलं, प्रभूलाही मी हेच सांगत आलोय, थांब, एक वाक्य."

तेवढ्यात अध्यक्षांची बायको बाकावरूनच म्हणाली, "घ्या हो त्याला ठेवून. आणि हाच उपदेश परत करू दे, आमच्या ह्यांचा अर्धा झोपेत गेला."

"झोपलो नव्हतो," अध्यक्ष पुटपुटले, आणि कमिटीकडे न बघताच त्यांनी पहिला हात वर केला.