हनुवटीशी लोलक

अविनाशरावांनी गाठ दोनदा ओढून पाहिली, शिडीवरच बसून तिसऱ्यांदा पाहिली, आणि मग कुठे खाली उतरले. वर्गाच्या तुळईवरून जाड दोर लोंबत होता आणि दोराला किराणा दुकानातले दहा किलोचे लोखंडी वजन बांधले होते. दांडिया बाजारातल्या दुकानदाराने इलेक्ट्रॉनिक काटा घेतल्यापासून ते त्याच्या दाराला अडसर म्हणून पडून होते. त्याने ते हसत हसत दिले.

उतरल्याबरोबर अविनाशराव वजनापासून जितके दूर जाता येईल तितके गेले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. त्यांच्या मुलीने, अवंतीने, ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

होळीनंतरच्या आठवड्यात मकरपुऱ्याच्या कारखान्यात क्रेनचा पट्टा सरकला आणि पत्र्यांचा गठ्ठा झोका घेत त्यांच्या अंगावर आला होता. बरोबर काम करणाऱ्या विक्रमसिंहाने धावत येऊन त्यांना बाजूला ढकलले. अविनाशरावांच्या मनगटाला मुका मार लागला, विक्रमसिंहाचा खांदा मोडला. विक्रमसिंह दोन महिन्यांत कामावर गेला. अविनाशरावांचे मनगट मात्र जुलै उजाडला तरी दुखतच होते. डॉक्टरांना त्यात काही सापडत नव्हते. घरच्यांना केव्हाच सापडले होते, पण दुधाने तोंड पोळलेल्या माणसाला ताक थंड आहे हे सांगायचे कोणी? आता साहेबांनीच फोनवर सरळ विचारले होते, सोमवारी येता की दुसरा माणूस घेऊ? आज शनिवार होता.

कॉलेजात दोर बांधायला भरवशाचे कोणी नाही, असे सांगून अवंतीने त्यांना इथे आणले होते. ती पहिल्या वर्षाला होती. तत्त्वज्ञान, धर्म आणि भौतिकशास्त्र या तिन्हींची तोंडओळख एकाच तासाला करून देणाऱ्या मृदुलाबाई मराठी, गुजराती आणि इंग्रजीची मस्त भेळ करून शिकवत.

"हे वजन हनुवटीला टेकवायचं आणि सोडायचं. ढकलायचं नाही, नुसतं सोडायचं," बाई म्हणाल्या. "ते पलीकडे जाईल आणि परत येईल. जिथून सोडलं त्याच्यापेक्षा वर ते चढू शकत नाही. म्हणजे तुम्हाला लागू शकत नाही. माहीत आहे ना?"

"हो मॅम!"

"मग जागचं हलायचं नाही. हललात, तर तुम्हाला माहीत होतं पण तुमचा विश्वास नव्हता. याला घरी काय म्हणतात?"

"कळतं पण वळत नाही," अवंती म्हणाली.

"झालं. निम्मं तत्त्वज्ञान संपलं."

आधी बाईंनी स्वतः करून दाखवले. वजन गेले, परत आले, हनुवटीपासून बोटभर अलीकडे थबकले. बाईंची पापणीही लवली नाही. मग पीयूष छाती काढून पुढे आला आणि वजन परत फिरताच बाकावर चढला. कुशलने गळ्यातले लॉकेट कपाळाला लावले, डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच पळाला.

"अरे, नमस्कारही केलास आणि पळालासही? देव आणि विज्ञान दोघांनाही नाराज केलंस की," बाई म्हणाल्या. वर्ग खो खो हसला. भिंतीशी उभे असलेले अविनाशराव हसले नाहीत. ती पोरे का पळाली हे त्यांच्याइतके तिथे कोणालाच कळत नव्हते.

"मी करते," अवंती म्हणाली.

तिने वजन दोन्ही हातांनी उचलून हनुवटीला लावले, एकदा वडिलांकडे पाहिले आणि सोडले.

गाठ पक्की होती. तुळई पक्की होती. बाईंचा नियमही पक्का असणार, कारण तो आत्ताच तीनदा खरा ठरला होता. हे सगळे अविनाशरावांना माहीत होते. वजन पलीकडच्या टोकाला क्षणभर थांबले आणि परत निघाले.

नंतर पाहतात तो वजन त्यांच्या छातीशी होते. दोन्ही हातांनी घट्ट कवटाळलेले. पाठीमागे अवंती होती, आणि तिच्या नाकाला त्यांच्या शर्टाची पाठ लागत होती.

"पप्पाए कॅच करी लीधो!" कोणीतरी ओरडले आणि वर्गात पुन्हा हशा पिकला.

"बाबा! काय केलंत हे! मी हलले नव्हते!"

मृदुलाबाई जवळ आल्या. "अविनाशभाऊ, गाठ कच्ची वाटली का?"

"नाही मॅडम. गाठ पक्की आहे."

"मग तिला लागणार नाही, हे माहीत होतं?"

"माहीत होतं."

"तरीही?"

अविनाशरावांनी भिंतीकडे पाहिले, मग स्वतःच्या पायांकडे. मध्ये सात-आठ पावले तरी होती. "मी इथं कधी आलो तेच कळलं नाही, मॅडम."

बाई वर्गाकडे वळून म्हणाल्या, "हे परीक्षेला येणार नाही. लिहून घेऊ नका."

अविनाशरावांनी वजन हळूच सोडले आणि त्याला शांत होईपर्यंत हात लावून धरले. होळीपासून डोळे मिटले की त्यांना एकच दिसे, अंगावर येणारा गठ्ठा. आज त्यांना पहिल्यांदा दिसले की त्याच वेळी दुसऱ्या बाजूने एक माणूसही येत होता. गठ्ठ्यापासून लांब नव्हे, गठ्ठ्याकडे. सख्खा ना चुलत, डब्यातली भाजी वाटून खाणारा एवढेच नाते. त्याला त्यांनी दवाखान्यात एकदा "थँक यू" म्हटले होते आणि नंतर त्याचे फोनही उचलले नव्हते. बाईंना त्यांनी उगाचच हात जोडले, बाईंनीही उगाचच जोडले.

अवंतीने स्कूटर घराकडे, कारेलीबागेकडे वळवली तेव्हा मागून ते म्हणाले, "मकरपुऱ्याला घे."

"आज? कंपनी सोमवारी ना?"

"कंपनीत नाही. विक्रमसिंहाकडे."

विक्रमसिंह बनियनवरच दारात आला. "आवो, आवो अविनाशभाई! वाट चुकलात की काय?" त्याची बायको माहेरी गेली होती, म्हणून चहा त्यानेच टाकला. कप वरच्या फळीवर होते. त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला, तेव्हा तो डावा हात लांबवू लागला. अविनाशराव उठले आणि त्यांनी कप खाली काढले.

"राहू द्या, तुमचं मनगट दुखतंय ना?"

अविनाशरावांनी तिन्ही कप ओट्यावर ठेवले. रस्ताभर जुळवलेले एकही वाक्य आता आठवेना.

"विक्रम, तू होतास म्हणून मी आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "आणि मनगट दुखायचं केव्हाच थांबलंय."

"ठाऊक आहे," विक्रमसिंह म्हणाला. "सोमवारी सातला नाक्यावर उभे राहा, मी गाडी घेऊन येतो. आणि ती साखरेची बरणी पण काढा, कपांच्या मागे आहे."