तबकातले आम्ही दोघे

मी एक नमुना बोलतोय. आता 'काय नमुना आहे!' म्हणून हसू नका, माझ्या पाठीवरच तसं छापलंय: 'फक्त दाखवण्यासाठी. शरीरात बसवू नये.' आईबापांनी कपाळावर लिहून पाठवावं, तसं कारखान्याने माझ्या पाठीवर लिहून पाठवलं. मी सिलिकॉनचा आहे. ज्या बाईची छाती आजारात काढावी लागते, तिला परत उभार देण्यासाठी आत जे बसवतात, ते मी. म्हणजे माझे भाऊ. मी कुणाच्याच आत गेलो नाही.

माझा जन्म साच्यावर झाला. साचा पातळ रसात बुडवायचा, वर काढायचा, सुकवायचा, परत बुडवायचा. अशी पापुद्र्यावर पापुद्रा चढून माझी कातडी तयार झाली. मग आत जेल भरलं आणि भट्टीत ठेवून मला शेकलं. तपासणाऱ्या बाईने मला दिव्यासमोर धरलं, तर कातडीत एक ठिपका दिसला. मोहरीएवढाही नसेल. तिने मला दुसऱ्या टोपलीत टाकलं आणि पुढचा उचलला. तिला वाईट वाटलं नाही, मलाही नाही. मला फारसं काही वाटतच नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे उगाच गैरसमज नको.

त्या टोपलीतून मी एका डॉक्टरांच्या टेबलावर आलो. तिथे स्टीलच्या तबकात माझा शेजारी आधीपासून होता. तो मिठाच्या पाण्याचा. डॉक्टर त्याला सलाइनचा म्हणतात. कातडी आमची एकच, फक्त माझ्या पोटात जेल आणि त्याच्या पोटात पाणी. त्याच्या बुचाशी थोडी गळती होती. तो हळूहळू सुरकुतायचा, मग सिस्टर सुईने त्याला पाणी पाजून परत गुटगुटीत करायच्या.

सिस्टर म्हणजे तिथल्या जुन्या नर्स. खुर्च्या बदलल्या, पडदे बदलले, सिस्टर त्याच.

माणसं आम्हाला कशी हाताळतात, हे मला पाठ झालंय. आधी एक बोट लावतात. मग अंगठ्याने दाबतात. मग दाराकडे बघतात, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. बायका हळूच आम्हाला छातीशी धरून बघतात. सोबत आलेल्या बहिणी आणि नणंदा वजन जोखतात, बाजारात नारळ जोखावा तसं. नवरे विनोद करतात. बायको हसली नाही की भिंतीवरचं चित्र बघू लागतात.

सिस्टरांची एक पद्धत होती. खोली थंडगार असायची. एकदा एक बाई मला हातात घेताच दचकली आणि रडायला लागली. "मेल्यासारखं गार आहे हो," म्हणाली. तेव्हापासून सिस्टर कुणी यायच्या आधी मला टॉवेलात गुंडाळून हत्यारं उकळायच्या डब्याच्या झाकणावर ठेवायच्या. पाण्याच्या शेजाऱ्याला ठेवत नसत. झाकण लहान होतं, आणि त्याला तसंही कुणी पसंत करत नसे. आता, त्याला कुणी पसंत का करत नसे, याचा विचार त्यांनी कधी केला नाही. मीही केला नाही. मला तर ऊब मिळत होती.

मग त्या बाई आल्या. त्या गाडी चालवायला शिकवायच्या. सोबत नवरा होता, तो शीतगृहात कामाला. बाईंची डाव्या बाजूची छाती आजारात काढावी लागली होती. काही महिने कातडी ताणून जागा केली होती, आता त्या जागेत काय बसवायचं ते त्या दिवशी ठरवायचं होतं.

डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे आधी मला पुढे केलं.

"बापरे," बाई म्हणाल्या, "हा तर जिवंत वाटतो!"

मग शेजारी. त्याला हात लावताच त्यांनी हात मागे घेतला. सगळ्या बायका इथेच थांबायच्या. डॉक्टर पेन उचलायचे आणि विषय संपायचा. पण बाईंनी मला परत उचललं, मग त्याला, मग परत मला. कपाळावर आठी पडली.

"हा गरम का आणि तो गार का?"

डॉक्टरांनी सिस्टरांकडे पाहिलं. त्यांना यातलं काही ठाऊकच नव्हतं.

"गार लागलं की बायका घाबरतात," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून मी याला ऊब देते."

"आणि त्याला?"

 सिस्टरांचे कान लाल झाले.

"मग परीक्षा कशी होणार, सिस्टर? एक गाडी गुळगुळीत रस्त्यावर चालवायची आणि दुसरी खड्ड्यातून!" असं म्हणून बाईंनी त्या पाण्याच्या शेजाऱ्याला उचललं आणि सरळ आपल्या उजव्या काखेत धरलं. हाताची घडी घातली. "बोला डॉक्टर. तोवर याला ऊब येऊ दे."

डॉक्टरांना हसू आलं, पण ते नीट बोलले. मी हाताला जास्त खरा वाटतो. त्याची एखादी घडी बोटाला लागते. दोघेही जन्मभर टिकतील असं नाही. आणि कुठलाही घेतला तरी वरच्या कातडीला पूर्वीसारखं कळेल, याची खात्री नाही.

"म्हणजे तिथे बधिरच राहणार?"

"बहुतेक."

"आताही तसंच आहे," बाई म्हणाल्या. "सीटबेल्ट तिथूनच जातो. लावलाय की नाही ते खाली बघून ठरवते. शिकणाऱ्यांना ओरडते, आधी बेल्ट लाव म्हणून, आणि माझा मलाच कळत नाही."

 मी इतके हात पाहिलेत, पण बधिर असणं काय असतं ते कुणी माझ्यासमोर असं बोलून दाखवलं नव्हतं. मला तिथे, त्या तबकात, कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं वाटलं. बस, इतकंच वाटलं.

बाईंनी शेजाऱ्याला काखेतून काढलं आणि एका हातात तो, एका हातात मी, असं धरलं. आता दोघेही सारखे कोमट होतो. खरं सांगायचं तर तरीही मीच सरस होतो. तो जरा डुचमळायचा.

"फुटला तर?" त्यांनी विचारलं.

"पाण्याचा फुटला तर बसतो. पाणी अंगात जिरून जातं, त्याने अपाय नाही. छाती सपाट झालेली लगेच दिसते. सिलिकॉनचा फुटला तर बाहेरून कळेलच असं नाही. तो आतच राहतो. म्हणून अधूनमधून तपासून घ्यावं लागतं."

"हाच द्या मग. पाण्याचा."

तोपर्यंत नवरा खुर्चीच्या टोकावर बसून होता, बायकोची पर्स मांडीवर धरून. तो पहिल्यांदाच बोलला. "अगं, पण हा खरा वाटतो." आणि त्याने मला उचललं. त्याचे हात बर्फासारखे होते. माझी सगळी ऊब त्याने एका दमात घेतली.

"कोणाच्या हाताला, अहो?"

त्याने मला परत तबकात ठेवलं. पर्स घट्ट धरून बुटांकडे बघत राहिला.

बाईंचा आवाज चढला नव्हता. त्या गाडी शिकवताना बोलत असतील तशा बोलत होत्या. "गाठ झाली तेव्हा मला काही कळलं नाही. दुखलं नाही, खुपलं नाही. गुपचूप बसली होती आत. आता परत आत मुकाट्याने काही फुटून बसलेलं मला नको. साधी गाडी बिघडली तरी समोर दिवा लागतो. बसायचं तर बसू दे, पण मला आरशात दिसू दे."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मला राग आला नाही. माझ्याबद्दल त्या जे बोलल्या, त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

जाताना नवरा दोन पावलं मागून चालला होता. त्याने बाईंच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला आणि परत खिशात घातला. डाव्या खांद्यावर.

त्या दिवसापासून सिस्टरांनी मोठा टॉवेल आणला. झाकणावर आता आम्ही दोघे दाटीवाटीने बसतो. नंतरच्या बायका कधी मला घेतात, कधी त्याला. एखादी दोघांनाही नाही म्हणते आणि तशीच सपाट, ताठ मानेने निघून जाते. डॉक्टर तिलाही दारापर्यंत सोडायला येतात.

मग कडाक्याच्या थंडीत, पाण्याचा बसवून झाल्यावर, त्या गाडी शिकवणाऱ्या बाई आणि त्यांचा नवरा तपासणीला आले. बाई डॉक्टरांबरोबर पडद्यामागे गेल्या. नवरा माझ्यासमोर बसला. बसल्या बसल्या तळवे चोळत होता. मग इकडे तिकडे बघून त्याने हळूच दोन्ही हात आमच्या टॉवेलात खुपसले.

"गारठलात का?" सिस्टरांनी विचारलं.

"कामावरून थेट आलो." तो ओशाळला, पण हात काढले नाहीत. मग म्हणाला, "घरीही असंच करतो. आधी हात गरम करतो, मग तिच्या डाव्या बाजूला ठेवतो. ती जागा हाताला गार लागते हो फार. थंडीत तर विचारू नका."

"पण तुमच्या हाताचं गारगरम त्यांना तिथे कळत नाही ना?"

"तिला नाही कळत." तो टॉवेलाकडे बघत होता. "मला कळतं."

पडद्यामागे डॉक्टर काहीतरी सांगत होते, ते थांबले.

"मला दिसतं, अहो," आतून बाई म्हणाल्या. "रोज दिसतं. चहाच्या कपाला हात लावून बसता, चहा निवून जातो."

नवऱ्याने मान खाली घातली. सिस्टरांना एकदम ट्रे पुसायचं आठवलं.

आता माझी कातडी वरून मळकी, चिकट झालीय. अंगठे दाबून दाबून एका जागी खळगा पडलाय, तो भरून येत नाही. आत कुठे फुटलो असेन तर मला माहीत नाही, आणि बाहेरून तुम्हालाही कळणार नाही. लवकरच नवा नमुना येईल, मग मी कचऱ्यात जाईन. त्याचं मला काही नाही.

एवढंच सांगायचं होतं. अशा कुठल्या खोलीत कधी तुमच्यावर बसायची वेळ आली, तुमच्या बायकोवर, बहिणीवर आली, तर माझ्यासारख्याला उचलण्याआधी शेजाऱ्यालाही थोडा वेळ हातात धरा. तो गार असेल. मग ठरवा.