एकाच खड्ड्यातल्या दोन वाटा

नेटवर्कचं डिझाइन म्हणजे कागदावर रेघा मारायच्या, त्यात काय एवढं, असं ज्याला वाटतं त्याने उर्मिला टिळेकरच्या वाटेला जाऊ नये. वीस वर्षं ती हेच काम करत होती, आधी पुण्यात आणि मग अबू धाबीत. आणि वीस वर्षं तिला एकच वाक्य ऐकावं लागत होतं: "तुम्ही डिझाइन करा हो मॅडम, केबल काय, कुठूनही टाकता येईल." हे ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कुठूनही टाकता येत नाही. तांब्याची तार शंभर मीटरच्या पुढे दम टाकते. काचेची तार कोसच्या कोस जाते, पण तिच्यासाठी जमीन खणावी लागते आणि खणायला दहा खात्यांची परवानगी लागते. हवेतून पाठवावं तर मधे भिंत खपत नाही. आधी ह्यांचे स्वभाव बघायचे, मग रेघ मारायची. पण ऐकतो कोण?

घरीसुद्धा तेच. खलिफा सिटीतल्या व्हिलाच्या भिंती इतक्या जाड, की हॉलमधलं वायफाय नीरवच्या खोलीत पोचायचं नाही. राउटर दारापाशी आणून ठेव म्हणून तिने अकरावीतल्या ह्या चिरंजीवांना शंभर वेळा सांगितलं असेल. उत्तर ठरलेलं, "बट आई, वायफाय इज वायफाय, व्हाय शुड अ वॉल मॅटर?"

भिंतीने फरक का पडावा म्हणे. उर्मिलाने ह्या मुलाच्या नादी लागणं सोडून दिलं होतं. गेले चार महिने ती दर सोमवारी पहाटे गाडी काढून रुवैसच्या औद्योगिक वसाहतीत साइटवर जात होती आणि तिथे ह्याच प्रश्नाचं मोठ्या माणसांचं रूप तिची वाट बघत होतं. त्या रूपाचं नाव परेश.

परेश साइटचा प्रोजेक्ट मॅनेजर. मूळचा डोंबिवलीचा, कामाला वाघ आणि वेळ मारून नेण्यात त्याहून मोठा वाघ. काम होतं एका केमिकल साठवणीच्या यार्डाचं. टाक्यांपाशी गॅस गळला तर कंट्रोल रूमला कळायचं आणि तिथून तीन किलोमीटरवरच्या कामगारांच्या कॅम्पात भोंगा वाजायचा. भोंगा मेसच्या छपरावर होता, कारण दुपारी चारशे माणसं एका वेळी तिथे जेवायला बसतात. उर्मिलाने डिझाइनमध्ये दोन वाटा दिल्या होत्या. एक केबल मोठ्या रस्त्याच्या कडेने, तीन किलोमीटरची. दुसरी गोदामांना वळसा घालून मागून, साडेचार किलोमीटरची. एक तुटली तर दुसरी आहेच, हा त्यातला सगळा जीव.

त्या सोमवारी तिने टेस्टिंगचं यंत्र लावलं. हे यंत्र काचेच्या तारेत प्रकाश सोडतं आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून तारेची लांबी सांगतं. टेक्निशियन ममता आकडे वाचत होती.

"पहिली, तीन किलोमीटर शंभर मीटर."

"आणि मागची?"

"तीन किलोमीटर शंभर मीटर." ममताने पुन्हा एकदा लावून पाहिलं. "मॅडम, तेवढंच."

माणूस खोटं बोलतो, ड्रॉइंग खोटं बोलतं, प्रकाश कशाला खोटं बोलेल? उर्मिला तशीच उठून परेशच्या केबिनमध्ये गेली.

"परेश, मागची केबल दीड किलोमीटरने आखूड कशी झाली?"

"जादा केबलचे लूप कमी सोडले असतील, मॅडम."

"दीड किलोमीटरचे लूप?"

परेशने दार लोटून घेतलं. "बघा, मागच्या रस्त्याची एनओसी सात आठवडे अडकली होती. पाणीवाले म्हणतात वीजवाल्यांची आणा, वीजवाले म्हणतात पाणीवाल्यांची आणा. सगळीकडे नुसतं इन्शाल्ला. शेवटी मोठ्या रस्त्याच्याच ट्रेंचमध्ये दोन्ही टाकल्या. पण पाइप वेगळे आहेत, हां. एक केशरी, एक काळा. स्पेकमध्ये लिहिलंय, टू सेपरेट केबल्स. सेपरेटच आहेत की."

उर्मिलाने कपाळाला हात लावला. "जेसीबीला रंग कळतात का?"

"तिथे कोण खणणार आहे?"

"रुवैसमध्ये कोण खणत नाही?"

उर्मिलाने मग शांतपणे, म्हणजे तिला जमेल तितपत शांतपणे, तोड सुचवली. मेसच्या छपरावरून कंट्रोल रूमचं छप्पर स्वच्छ दिसतं, मधे काही नाही. दुसरी वाट हवेतून काढू, वायरलेस लावू. वाळूचं वादळ आलं तर वायरलेस कुरकुरेल, पण तेव्हा केबलला काही होणार नाही. कोणी खणलं तर केबल तुटेल, पण वायरलेसला त्याचं काय? दोघांची दुखणी वेगळी आहेत, म्हणून दोघं एकाच दिवशी आजारी पडणार नाहीत. मालाला पंधरा दिवस लागतील, एवढंच.

"पंधरा दिवस?" परेश खुर्चीत मागे रेलला. "गुरुवारी हँडओव्हर आहे. क्लायंटचा अबुजर येणार, रॅकमधून एक वायर काढणार, भोंगा वाजणार, सही, खलास. टेस्ट प्रोसीजरमध्ये एवढंच आहे. तुम्ही फक्त ड्रॉइंगवर साइन करा."

"ड्रॉइंगमधली रेघ खोटी आहे."

"रेघच आहे ना, मॅडम."

तिने हेड ऑफिसला मेल टाकला, सोबत दोन्ही आकडे जोडले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "प्लीज अलाइन विथ परेश." तिने पुन्हा लिहिलं, ह्या वेळी ठळक अक्षरांत. पुन्हा तेच उत्तर आलं, फक्त वर "डिअर उर्मिला" होतं.

बुधवारी ती मेसमध्ये जेवायला गेली. मेसचा आचारी विली तुस्कानो, वसईचा, साठीला टेकलेला. मराठी बोलणारं कोणी दिसलं की त्याला भरतं यायचं. त्याने तिच्यापुढे बांगड्याचं कालवण ठेवलं आणि समोर बसला.

"बाय, एक विचारू? ह्यो वरचा भोंगा वेळेला वाजंल ना?"

"का हो विलीकाका?"

"नाय, किचनमधे एक्झॉस्ट चालू असला की मला माझा फोनपण ऐकू येत नाय. आणि गॅसचा वास मसाल्यापुढे काय कळणार? म्हणून म्हटलं. आमची सगळी भिस्त त्याच्यावर."

"वाजेल" एवढंच म्हणायचं होतं. तेवढंही तिच्याच्याने म्हणवेना. कालवण झकास झालं होतं आणि तिला स्वतःची मनापासून लाज वाटत होती. तिने ताट अर्धं टाकलं, ते विलीच्या नजरेतून सुटलं नाही. तिखट झालं का, एवढंच त्याने विचारलं.

गुरुवारी बाराच्या सुमाराला अबुजर आला. हैदराबादचा, मितभाषी, शर्टाच्या खिशात एकच पेन. परेश त्याच्या मागेपुढे करत होता. कंट्रोल रूममध्ये ममताने एक वायर काढली, अलार्म दाबला आणि ती तिथेच थांबली. बाकीचे गाडीतून मेसपाशी आले, तेव्हा भोंगा कोकलत होता. आतली माणसं ताटं सोडून मैदानात येऊन उभी राहिली होती. विलीने सगळ्यांना नीट शिकवून ठेवलं होतं. तिकडे ममताने अलार्म बंद करून वायर परत जोडली, भोंगा थांबला आणि माणसं पुन्हा जेवायला बसली.

"यल्ला, पेपर्स," परेश म्हणाला. फाइल उघडली गेली. पहिली सही उर्मिलाची होती.

"अबुजरभाई, एक टेस्ट बाकी है," ती म्हणाली.

"प्रोसीजर में नहीं है, सर," परेश चटकन म्हणाला.

"दो मिनट का काम है।" मेसच्या मागच्या दाराशी जमिनीत लोखंडी झाकण होतं. तिने सकाळीच तिथे पहार आणून ठेवली होती. झाकण तिने स्वतः उचकटलं. "ड्रॉइंग में यहाँ कितनी केबल है?"

अबुजरने ड्रॉइंग पाहिलं. "एक। दूसरी तो गोदाम के पीछे से, दूसरी तरफ आती है।" मग तो खाली वाकला. केशरी पाइपाला चिकटून काळा पाइप पडला होता. "ये काली वाली?"

"सर, वो बस थोड़ी दूर साथ में जाती है," परेश म्हणाला.

"कितनी दूर?"

"कंट्रोल रूम तक," उर्मिला म्हणाली. "यहाँ खुदाई में एक झटका लगा तो दोनों गईं। आपने एक निकाल के देखी। खुदाई दोनों निकालेगी। वही देख लेते हैं।"

परेशने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून आपली ह्या साइटवरची ही शेवटची दुपार आहे हे तिला कळलं. तिने ममताला फोन लावला.

"ममता, दोन्ही काढ आणि अलार्म दाब."

"दोन्ही, मॅडम?"

"दोन्ही."

थोड्या वेळाने ममता म्हणाली, "दाबला."

ते तिघं माना वर करून उभे राहिले. एक्झॉस्टची घरघर चालू होती. आत ताटांचा आवाज, कोणीतरी वरण मागत होतं. एक मिनिट गेलं, दोन गेली. उर्मिला घड्याळाकडे बघत राहिली.

मागचं दार उघडून विली बाहेर आला, हातात डाव तसाच. तिघांना वर बघताना पाहून त्यानेही वर पाहिलं.

"काय बाय, परत वाजवणार वाटतं. कधी वाजवणार? पोरांना परत उठवायचं तर आत्ताच उठवा, मी दुसरा भात वाढायचा थांबलोय."

"वाजवून चार मिनिटं झाली, विलीकाका."

विली हसायला लागला. मग उर्मिलाचं तोंड पाहून थांबला. अबुजरने पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं. विलीने छपराकडे पाहिलं, मग वळून उघड्या दारातून आत. चारशे माणसं खाली मान घालून जेवत होती.